बघितल्याशिवाय

“यमुनाक्का, आज अडवू की सोडू?”

सेल्वाने हे विचारलं तेव्हा माझ्या ओठांत टाचण्या होत्या, म्हणून लगेच उत्तर द्यायची पाळी आली नाही. मी त्याच्या जर्सीच्या पाठीवरचा सुटलेला आकडा पुन्हा बसवत होते. जर्सीला वास मारत होता. सेमीफायनलपासून फायनलपर्यंत जर्सी धुवायची नाही, हा भट्टी लाईनचा नियम. तो पाळून आम्ही एकदाही जिंकलो नव्हतो, पण मोडून बघायची कुणाची छाती नव्हती.

एकेक टाचणी काढून उशीत खोचली आणि म्हटलं, “काय सोडू?”

“बॉल. गोलकीपर दुसरं काय सोडणार?” तो उंबऱ्यावरच उभा होता, चपला हातात घेऊन. “हळू बोल. आत अप्पा आहेत.”

मी मशीन फिरवली. मशीनचा आवाज असला की घरातल्या बऱ्याच गोष्टी झाकल्या जातात.

आता हा प्रश्न एका गोलकीपरने कपडे शिवणाऱ्या बाईला का विचारावा, ते सांगायला हवं. खडकीतली आमची भट्टी लाईन म्हणजे समोरासमोर घरांच्या दोन रांगा. साहेबाच्या काळात पलटणीचा पाव इथे भाजला जायचा. पुढे भट्ट्या गेल्या, एक मुनीरचाचांची तेवढी उरली. नाव राहिलं आणि हॉकी राहिली. दर जानेवारीत ब्रिगेडियर करंडकाचे सामने व्हायचे. त्याला आमच्याकडे नुसतं ‘बिगेडर’ म्हणत. माझ्या जन्माच्या आधीपासून भट्टीचा संघ बिगेडर खेळत होता आणि हरत होता. बरं, पहिल्या फेरीत हरून घरी यावं आणि कामाला लागावं, असंही नाही. शेवटच्या पायरीपर्यंत चढायचं आणि तिथून पडायचं. मुनीरचाचा तर फायनलच्या दिवशी पहाटेच खारीचे ट्रे भट्टीत सरकवायचे, कारण हरल्यावर सगळ्या लाईनीला खारी आणि चहा त्यांच्याकडून. त्याला ‘हारीचा चहा’ म्हणायचे. चहा झाला की एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचं, “पुढच्या वर्षी.” एवढं म्हटलं की दुःख संपलं. आमच्याकडे कुणाचं लग्न मोडलं, कुणी परीक्षेत गचकलं, तरी लोक हेच म्हणतात. माझं मोडलं तेव्हाही म्हणाले होते.

माझे वडील रंगनाथ खिलारे, लाईनीचे रंगूअप्पा. नोकरी कारखान्यात, जीव हॉकीत. त्यांना झटका आला तो दिवाळीच्या तोंडावर. चाचांच्या पावाच्या टेम्पोत घालून त्यांना दवाखान्यात नेलं. टेम्पोचं दार लागायच्या आत, अख्खी लाईन भोवती उभी असताना, त्यांनी चाचांचा हात धरला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, “बिगेडर बघितल्याशिवाय मी जात नाही. सांगून ठेवा त्याला.”

“किसको, रंगू?” चाचांनी विचारलं.

“हिच्या भावाला,” अप्पा म्हणाले आणि माझ्याकडे बोट केलं.

मला भाऊ नाही. पण माझं नाव यमुना, आणि यमुनेचा भाऊ कोण हे भाऊबीज करणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. अप्पांचा हा जुना विनोद होता. “माझ्या घरात त्याची बहीण आहे, बहिणीच्या दारात तो आगाऊपणा करायचा नाही,” असं ते कुणाच्याही मयताहून आल्यावर म्हणायचे.

करंडक त्यांनी तसा दरवर्षी बघितलेलाच होता, पण लांबून, टेबलावर ठेवलेला, मग दुसऱ्यांच्या हातात. ‘बघणं’ म्हणजे आपल्या लाईनीत, आपल्या दारात बघणं. ते सगळ्यांना कळत होतं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हृदय मोठं झालंय. आई म्हणाली, “मन मोठं झालं असतं तर मला आधी कळलं असतं.” मग डॉक्टरांनी आम्हा दोघींना बाहेर व्हरांड्यात बोलावलं. म्हणाले, “त्यांना जे आवडतं ते आता करू द्या.” हे वाक्य ऐकल्यावर आई तिथल्या बाकावर बसली, ती बराच वेळ उठली नाही.

पण अप्पा घरी आले. त्या जानेवारीत भट्टी हरली आणि अप्पा राहिले. पुढच्या जानेवारीत पुन्हा हरली आणि अप्पा पुन्हा राहिले. डॉक्टरांना नवल वाटलं. लाईनीला वाटलं नाही. शब्द म्हणजे शब्द. गेल्या खेपेला हारीचा चहा घेऊन लोक आमच्या घरी आले, तेव्हा मी त्यांची तोंडं नीट बघितली. हरलेल्या माणसांची तोंडं तशी नसतात. कुणी उघड बोललं नाही, पण आपण हरतोय तोवर रंगूअप्पा आहे, हे सगळ्यांनी आपापल्या मनात लिहून टाकलं होतं.

आणि यंदाचा संघ चांगला होता. हीच काळजी होती.

“तुझं काम तू कर,” मी सेल्वाला म्हटलं आणि दोरा तोडला.

“म्हणजे अडव?”

“म्हणजे तुझं काम तू कर.”

त्याने जर्सी घेतली, पण पाय निघेना. सेल्वाची आई लहानपणी गेली. दोन घरं सोडून राहायचा, जेवायला आमच्याकडे असायचा. अप्पांनीच त्याला गोलीत उभा केला होता. संध्याकाळी कारखान्यातून आले की भिंतीशी त्याला उभा करून टेनिसचे बॉल मारायचे आणि चुकला की म्हणायचे, “सेल्वराज, डोळे उघडे ठेव. मिटलेल्या डोळ्यांना बॉल लागतो.”

“कोण, सेल्वा का?” आतून हाक आली.

तो आत गेला, वाकला. एरवी अप्पा त्याच्या पाठीत धपाटा घालून म्हणायचे, “घेऊनच ये.” त्या दिवशी म्हणाले, “सांभाळून खेळ. लागून घेऊ नकोस.”

मला ते जरा वेगळं वाटलं. आजारी माणूस हळवा होतो, म्हणून सोडून दिलं.

स्वयंपाकघरात आई कणीक मळत होती. म्हणाली, “सकाळी केवढा वेळ देवापुढे बसले होते. एरवी घंटा वाजवा म्हणून मागे लागावं लागतं.”

“काय मागत असतील ते सांगायला नको.”

“हं. आणि त्याने दिलं तर?”

आईने कणकेचा गोळा पुन्हा मळायला घेतला. तो मघाशीच मळून झाला होता.

डॉक्टरांनी अप्पांना मैदान बंद केलं होतं, त्यामुळे दोन वर्षं त्यांचे डोळे म्हणून मी जायचे आणि येऊन सगळं सांगायचे. मैदान लाईनीच्या मागेच. त्या दुपारी मी चाचांच्या शेजारी गोलपोस्टच्या मागच्या बाकावर बसले. समोर कॅम्प रोव्हर्स, पांढरेशुभ्र, इस्त्रीचे कपडे. आमचे वासाचे.

भट्टीने पहिल्या हाफमध्येच गोल केला. आमच्याकडे गोल झाला की “भट्टी पेटली” अशी आरोळी असते. ती उठली, जोरात उठली. पण नंतर घड्याळ जसं सरकायला लागलं तसा तो आवाज बसत गेला. एरवी मागे पडल्यावर माणसं गप्प होतात. पुढे असलेल्या माणसांचा आवाज असा बसत जाताना मी पहिल्यांदाच ऐकला. हाफ टाइमला मला तिघांनी संत्री आणून दिली. बाकावर मला ऐसपैस जागा करून दिली, जशी मयताच्या घरी जवळच्या माणसाला देतात. मागून कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालं, “अजून वेळ आहे, बरोबरी होईल. काळजी करू नको.”

त्याने ते समजूत काढायला म्हटलं होतं. आणि त्याला बिचाऱ्याला आपण काय बोललो ते लगेच कळलं, कारण तो तिथून उठून दुसरीकडे जाऊन बसला.

“चाचा,” मी म्हटलं, “तुम्हाला काय वाटतं?”

“मला काय वाटायचंय.” चाचांनी टोपी काढून पुन्हा घातली. “पचास साल से यही चाहता था. आज घड्याळाकडे बघवत नाही. तुझ्या बापाने टेम्पोत काहीतरी दुसरं बोलायला पाहिजे होतं. गाजर का हलवा खाल्ल्याशिवाय जात नाही, असं काही. आम्ही केलाच नसता.”

दुसऱ्या हाफमध्ये रोव्हर्सनी नुसता भडिमार केला. सेल्वा पॅडवर घेत होता, हातावर घेत होता, एकदा छातीवर घेतला. शेवटची काही मिनिटं राहिली असताना आमच्या एका बॅकने गोललाइनवर बॉल पायाने अडवला आणि शिट्टी वाजली. पेनल्टी स्ट्रोक. म्हणजे समोर एक माणूस, एक बॉल, आणि मध्ये फक्त सेल्वा.

रोव्हर्सचा सेंटर फॉरवर्ड बॉल नीट ठेवत होता. तेवढ्यात सेल्वा वळला. गोलीत उभा राहिलेला माणूस अशा वेळी मागे वळत नाही. तो वळला आणि जाळीतून सरळ माझ्याकडे बघितलं. हेल्मेटच्या आत त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण काय विचारतोय ते मला कळत होतं. शेजारी चाचांनाही कळलं, कारण त्यांनी माझ्यावरची नजर काढून जमिनीकडे नेली.

नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. उभी किंवा आडवी.

मी डोळे मिटले.

पॅडवर बॉल आपटला की एक ओला, जाड आवाज येतो. गादीवर बुक्की मारल्यासारखा. तो आला. मग काहीच नाही. आणि मग असा आवाज उठला की तो आमच्या लोकांचा वाटेना. आम्हाला तसं ओरडायची सवयच नव्हती.

शेवटची शिट्टी झाल्यावर पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. बाकांवरची माणसं मात्र उभी राहून एकमेकांकडे बघत होती. काही रडत होते, पण ते आमच्याकडे हरल्यावरही रडतात, त्यामुळे त्यावरून काही ओळखता येत नव्हतं. हरल्यावर काय करायचं ते सगळ्यांना पाठ होतं. रोव्हर्सचा एक पोक्त माणूस स्टिका गोळा करून जाताना आमच्यासमोर थांबला आणि म्हणाला, “अहो, जिंकलात तुम्ही. नाचा की.”

तेव्हा कुठे नाचले. परक्याच्या वरातीत नाचावं तसे, एक डोळा यजमानावर ठेवून.

चाचा बाकावर बसूनच होते. “खारी दोन ट्रे जास्त केली होती,” ते म्हणाले. “वाटलं, इस साल जास्त रडतील.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “आता?”

ताशा, गुलाल, हार, कशाचीच तयारी नव्हती. चाचांच्या बेकरीतले रिकामे ट्रे आणले आणि ते बडवत मिरवणूक निघाली. बिगेडर सेल्वाच्या हातात. जिंकलो तर करंडक लाईनीत दारोदार न्यायचा, असं म्हातारी माणसं कधीपासून ठरवून होती. लाईनीच्या तोंडापासून घरं सुरू झाली. बायका ओवाळत होत्या. पण आमचं घर जसं जवळ येऊ लागलं तसं बडवणं मंदावलं आणि पिठाच्या गिरणीच्या कोपऱ्यावर येऊन पार थांबलं. पुढे आमचाच दरवाजा.

“मी नाही आत नेणार,” सेल्वा म्हणाला. त्याच्या छातीवर बॉलचा लाल वळ उठला होता आणि तो करंडक असा धरून उभा होता जसं काही कुणाचं तान्हं मूल चुकून त्याच्या हातात राहिलंय.

“आज नको,” चाचा म्हणाले. “परसों दाखवू. सांगू की कमिटीने नाव कोरायला ठेवून घेतला.”

“आणि परवा काय सांगायचं?” सेल्वाने विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, “थांबा इथेच. मी बघते.”

घरात शिरले तर खोलीत अंधार. रस्त्याकडची खिडकी गच्च लावलेली. अप्पा कॉटवर ताठ बसले होते, भिंतीकडे बघत. आई दाराशी मला हळूच म्हणाली, “मॅच सुरू व्हायच्या आत खिडकी लावून घेतली. म्हणाले, गार वारा लागतोय. झाडाचं पानसुद्धा हलत नाहीये.”

“काय झालं?” अप्पांनी विचारलं. भिंतीलाच.

वाटेत मी काही ठरवलं नव्हतं. तोंडातून आलं ते आलं.

“हरलो, अप्पा. पुढच्या वर्षी.”

त्यांचे खांदे खाली आले. धरून ठेवलेला श्वास सुटला तो मला दारापर्यंत ऐकू आला. मग त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. बघतच राहिले.

“यमे, पुढे ये.”

मी पुढे गेले.

“खोटं बोलताना तुझा एक डोळा बारीक होतो. सुईत दोरा ओवताना करतेस ना, तसा. लहानपणापासून. तुला कुणी सांगितलं नाही का?”

मी आईकडे बघितलं. तिने पदराने तोंड पुसलं.

“जिंकलो?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“कितीने?”

“एक-शून्य. शेवटी त्यांना स्ट्रोक मिळाला होता. सेल्वाने अडवला.”

“अडवला,” अप्पा म्हणाले. त्यांच्या तोंडावर आधी हसू आलं, ते भिंतीशी टेनिसचे बॉल मारायचे तेव्हाचं. ते पुरतं उमटायच्या आतच त्याच्या मागोमाग दुसरं काहीतरी आलं. चेहरा एकच, त्यावर दोन्ही एकदम. त्यांचा हात चादरीवर चाचपडत आईचा हात शोधत होता.

“कुठे आहेत पोरं?”

“गिरणीच्या कोपऱ्यावर.”

“मग तिथे काय करतायत? बोलाव.”

“अप्पा, आज राहू द्या.”

“बोलाव म्हणतो ना. आणि सांग, झाकून आणा.” त्यांनी चष्मा काढला, घडी घातली आणि आईला दिला. “हा आत ठेव. तांदळाच्या डब्यात.”

“अहो, तांदळात कशाला?”

“सहज सापडायला नको.”

आईने चष्मा नेऊन खरंच तांदळात पुरला. अप्पांनी उशी पाठीला घेतली, मांडी घातली आणि डोळे मिटले. फोटोग्राफरसमोर लहान पोर मिटतं तसे, कपाळाला आठ्या घालून.

सेल्वा आला, मागे चाचा, दारात आणि ओट्यावर अख्खी लाईन. करंडकावर सेल्वाचा टॉवेल टाकलेला.

“मांडीवर दे,” अप्पा म्हणाले.

सेल्वाने ठेवला. अप्पांनी टॉवेलच्या आत हात घातले. दोन कान चाचपले, गळा चाचपला, बुडाशी आले. चाचपणी कारखान्यातली होती, माल पास करायच्या आधी करायचे तशी.

“इथे पोचा आलाय.”

“मघाशी पडला, अप्पा. माझ्याकडून. कोपऱ्यावर.”

“बॉल सुटत नाही आणि करंडक सुटतो.” लोक हसले, पण दबकत. “मुनीर, आहेस का? यावरची नावं वाच.”

चाचांनी टॉवेल जरा सरकवून, चष्मा कपाळावर ढकलून, एकेक नाव वाचलं. सगळी आम्हाला हरवणाऱ्यांची नावं. अप्पा प्रत्येकाला मान हलवत होते, जुने पाहुणे आल्यासारखे. नावं संपली, तिथली मोकळी जागा अप्पांनी अंगठ्याने घासली.

“डोळे उघडा ना, अप्पा,” दारातून एक पोर म्हणालं. त्याला त्याच्या आईने मागे ओढलं.

“मी काय म्हणालो होतो?” अप्पा म्हणाले. “बघितल्याशिवाय जात नाही. हात लावल्याशिवाय म्हणालो नव्हतो. ऐकल्याशिवाय म्हणालो नव्हतो. मुनीर, तू होतास टेम्पोपाशी.”

“होतो. बघितल्याशिवायच बोललास.”

“मग झालं. शब्द म्हणजे शब्द.” ते थांबले. आवाज खाली आला. “सकाळपासून देवाला म्हणत होतो, ह्यांना हरव. लाज वाटत होती, पण म्हणत होतो. आयुष्यभर उलटं मागितलं, त्याने कधी दिलं नाही. म्हटलं, आज तरी ऐकेल. तर आजच त्याने माझा जुना अर्ज काढला.”

मला तेव्हा ती लावलेली खिडकी कळली. ‘सांभाळून खेळ’ कळलं. आम्ही सगळे समजत होतो की हा माणूस करंडकाची वाट बघतोय, आणि भीती आम्हाला वाटतेय. त्यांनाही जायचं नव्हतं. एवढी साधी गोष्ट, आणि ती विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं.

“मी अक्काला विचारलं होतं,” सेल्वा एकदम म्हणाला. “सोडू का म्हणून.”

“काय म्हणाली?”

“तुझं काम तू कर.”

मिटल्या डोळ्यांनीच अप्पांनी सेल्वाचं डोकं शोधलं आणि त्यावर टपली मारली. “बरं झालं मला विचारलं नाहीस.”

आईने नाक शिंकरलं. चाचा म्हणाले, “रंगू, फिर कब देखेगा?”

“पुढच्या वर्षी बघतो.”

“पुढच्या वर्षी?” सेल्वा म्हणाला. “म्हणजे परत जिंकायचं?”

“मग? एकदा काय, कुणीही जिंकतं.”

तेव्हा लाईनीने जो आवाज केला, तो मात्र आमचा होता. ट्रे पुन्हा वाजायला लागले. खारी आली, चहा आला. हारीचा चहा पहिल्यांदा जिंकून प्यायलो आणि चव तीच लागली. जाताना सेल्वा बिगेडर आमच्याकडेच ठेवून गेला. म्हणाला, माझ्या घरी कुठे फळी आहे. मी तो टॉवेलसकट कॉटजवळच्या स्टुलावर ठेवला आणि पदराला गाठ मारून ठेवली की त्याच्याकडे आपणही बघायचं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई बाजारात गेली होती. मी मशीनपाशी बसून ब्लाउजला हुक लावत होते. अप्पांची झोप झाली होती.

“यमे, चष्मा दे.”

माझं बोट सुईवर गेलं. “कशाला?”

“पेपर वाचायचाय.”

पेपर माझ्याजवळ होता, मशीनखाली. त्यांना ते माहीत होतं.

“पेपर मी वाचून दाखवते.”

“यमे.” ते ओरडले नाहीत. “रात्रभर जागा होतो. आयुष्यभर ज्याच्यामागे लागलो, ते हातभर अंतरावर टॉवेल पांघरून बसलंय. मी त्याला भितोय आणि ते मला. हे काय जगणं आहे?”

तांदळाच्या डब्यात हात घालताना मला वाटलं, आईला यायला उशीर होऊ नये, आणि वाटलं, उशीर व्हावा. चष्म्याच्या बिजागरीत तांदळाचा दाणा अडकला होता. तो काढला, काच पदराने पुसली, दुसऱ्यांदा पुसली. अप्पा हात पुढे करून वाट बघत होते.

त्यांनी चष्मा लावला आणि स्वतः टॉवेल ओढला.

बिगेडर खिडकीच्या उन्हात उभा होता. एका बाजूला पोचा. कानावर कुणाच्या तरी बोटांचे तेलकट डाग. अप्पांनी त्याला वरून खाली आणि खालून वर बघितलं.

“एवढासाच?” ते म्हणाले.

मी त्यांच्या पायाशी कॉटवर बसले. त्यांनी माझं मनगट धरलं. आणि मग आम्ही दोघं वाट बघत बसलो. कशाची, ते बोललो नाही. बाहेर गिरणी चालू होती. कुणाची तरी सायकल गेली. माझ्या मनगटावर त्यांची नाडी लागत होती की त्यांच्या बोटांना माझी, ते मला कळेना. आतमध्ये दुधावर झाकण थडथडायला लागलं.

“दूध उतू जाईल,” अप्पा म्हणाले.

मी धावत जाऊन गॅस बंद केला. परत आले तर ते तसेच बसलेले, पण खांदे सैल. “तुझा भाऊ काही आला नाही,” ते म्हणाले. “पत्ता चुकला असेल.”

मला हसू आलं आणि ते थांबेना. तेही हसायला लागले, खोकला येईपर्यंत. मग त्यांनी टॉवेल झटकला आणि पुन्हा नीट करंडकावर घातला, चारी बाजूंनी खोचून. चष्मा माझ्या हातात दिला.

“ठेव जागेवर. आणि पोरांना सांगू नकोस.”

“का?”

“मी बघितलं म्हटलं तर पुढच्या वर्षी कुणाला दाखवायला खेळतील?”

पुढच्या वर्षी भट्टी सेमीफायनललाच हरली. मैदानावरचे लोक बऱ्याच वर्षांनी मनापासून रडले. त्याच्या पुढच्या वर्षी जिंकली. ताशा होता, गुलाल होता, चाचांनी गाजराचा हलवासुद्धा केला होता. सेल्वाने टॉवेल टाकलेला करंडक अप्पांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी डोळे गच्च मिटले, आत हात घातले, पोचा चाचपला आणि दारातल्या गर्दीला म्हणाले, “पुढच्या वर्षी बघतो.”

लोक ओरडले. मी कॉटच्या पायथ्याशी उभी होते. माझ्याकडे तोंड करून त्यांनी एक डोळा किंचित उघडला, सुईत दोरा ओवताना करतात तेवढा बारीक, आणि पुन्हा मिटून घेतला.